गहाण पडलेले वऱ्हाड : एका कर्जाची ८३ वर्षे

१/ ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपल्या परिचयाची आहे. ही सोन्याची कुऱ्हाड १८५३ साली कर्जापोटी गहाण पडली, आणि ते कर्ज रद्द झाल्यावरही सुटली नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ या आजच्या जिल्ह्यांचा मुलूख धनकोच्या ताब्यात कसा गेला, याविषयी आजचा थ्रेड.

२/ या व्यवहारातील ऋणको म्हणजे हैदराबादचा निजाम आणि धनको म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. कर्ज कशाचे होते? राजवाडे किंवा कालवे बांधण्यासाठी ते काढलेले नव्हते. ते होते एका फौजेच्या थकलेल्या पगाराचे. म्हणून आधी ती फौज समजून घ्यावी लागते.

३/ १८०० सालच्या तहानुसार युद्धप्रसंगी निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीला द्यावयाचे होते. पुढे रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या काळात या अटीतूनच एक कवायती फौज उभी राहिली. तिचे अधिकारी इंग्रज होते, हुकूम रेसिडेंटचा चाले, आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून जाई. हीच हैदराबाद कंटिंजंट. अट युद्धकाळाची होती. फौज शांततेच्या काळातही कायम राहिली.

४/ हा खर्च भागविण्यासाठी दिवाण चंदुलाल यांनी सावकारांकडून पैसा उचलला आणि त्याच्या फेडीसाठी जिल्ह्यांचा वसूल लावून दिला. वऱ्हाडचा बराचसा भाग प्रथम हैदराबादचे सावकार पूरणमल यांच्याकडे होता. त्यांच्यानंतर तेथे पेस्तनजी यांची पारशी पेढी आली. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईस धाडणारी आणि खामगावास रुई दाबण्याचे प्रेस उभारणारी पेढी ती हीच.

५/ चंदुलाल यांनी १८४३ मध्ये पद सोडले. १८४५ मध्ये नव्या दिवाणाने पेस्तनजींकडून जिल्हे काढून घेतले. आपली बाकी अजून फिटलेली नाही, असे पेढीचे म्हणणे होते. तिने ताबा सोडण्यास नकार दिला आणि औरंगाबादच्या आसपास पेढीच्या शिपायांच्या निजामाच्या फौजेशी चकमकीही झडल्या. अखेर जिल्हे निजामाकडे परतले.

६/ हा प्रसंग ध्यानात ठेवावा. सावकार खाजगी होता तोवर निजाम बळाच्या जोरावर गहाण सोडवू शकला. पुढचा सावकार मात्र स्वतःच एक सत्ता होता.

७/ फौजेचा पगार थकला की कंपनी तो स्वतःच्या खजिन्यातून भागवी आणि निजामाच्या नावे मांडून ठेवी. १८५३ पर्यंत ही रक्कम सुमारे ४५ लाख रुपये झाली. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी वसुलीसाठी मुलूख मागितला. रेसिडेंट कर्नल लो यांनी वाटाघाटी केल्या. निजाम नासिरुद्दौला यांचा तीव्र विरोध होता. तेव्हा इंग्रज फौज हलविली जाईल, हेही दरबारला कळविण्यात आले.

८/ २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब मिळून सुमारे ५० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख कंपनीकडे गेला. त्यातून फौजेचा पगार आणि कर्जाचे व्याज भागवावे, दरसाल निजामाला हिशेब द्यावा आणि उरेल ती रक्कम परत करावी, असे ठरले. मुलूख ‘कायमचा’ देण्यास मात्र निजाम तयार झाला नाही. मालकी त्याचीच राहिली.

९/ गावगाड्याच्या भाषेत हे ताबेगहाण होते. असल्या गहाणात शेत धनको कसतो, उत्पन्नातून आपले येणे वळते करून घेतो आणि फेड झाली की शेत परत देतो. पण मुळात येणे किती होते, हा खरा वाद होता.

१०/ निजामाच्या बाजूचे म्हणणे असे : सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांतला अबकारी वसूल वर्षानुवर्षे कंपनीने घेतला, तो आमच्या खाती जमा धरा. कंपनीच्या हिशेबात ही जमा धरलेली नव्हती. पुढे रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन यांनीच १८६० मध्ये लिहिले की, दोन्ही सरकारांची देणीघेणी निःपक्षपातीपणे पाहिली असती तर निजामाकडे कंपनीचे न्याय्य येणे निघाले नसते.

११/ १८५७ मध्ये हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याची परतफेड म्हणून डिसेंबर १८६० च्या तहाने ५० लाखांचे कर्ज रद्द झाले. धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी विश्वस्त म्हणून इंग्रजांनी ठेवून घेतले. शिवाय यापुढे निजामाने हिशेब मागू नये, असेही कलम पडले.

१२/ त्यानंतरचे वऱ्हाड आपणांस ठाऊक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, आगगाडी अकोला-बडनेऱ्यापर्यंत आली, अमरावती आणि खामगाव येथील बाजारपेठा गजबजल्या. गहाणाची किंमत वाढली, तशी धनकोची ते सोडण्याची इच्छा मावळली.

१३/ दिवाण सर सालारजंग यांनी १८७२ मध्ये तोडगा सुचविला : आम्ही भांडवल ठेव म्हणून देतो, त्याच्या व्याजातून फौज पोसा आणि वऱ्हाड परत करा. तो फेटाळला गेला. १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. निजाम अल्पवयीन असताना हा प्रश्न उघडता येणार नाही, असे उत्तर मिळाले.

१४/ १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी निजाम महबूब अली खान यांच्याशी करार केला. वार्षिक २५ लाख रुपये खंडाने वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले गेले. १८५३ मध्ये नाकारलेला ‘कायमचा’ हा शब्द अखेर कागदावर आला. त्या खंडातील मोठा भाग सुरुवातीची काही वर्षे दुष्काळाच्या वेळी दिलेल्या कर्जांच्या फेडीसाठी कापून घेतला जाई.

१५/ १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. त्याच सुमारास कंटिंजंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. जिच्या पगारासाठी गहाण पडले ती फौज उरली नाही, ज्यामुळे पडले ते कर्जही उरले नाही. गहाण तेवढे राहिले.

१६/ निजाम उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये वऱ्हाड पुन्हा मागितले. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उत्तर दिले की, हिंदुस्थानात ब्रिटिश सार्वभौमत्व सर्वश्रेष्ठ आहे. निजामाला बरोबरीच्या नात्याने वाद घालता येणार नाही. ज्याच्याकडे गहाण तोच न्यायाधीश, हे यापूर्वी इतक्या स्पष्टपणे कोणी लिहिले नव्हते.

१७/ १९३६ च्या करारात निजामाची नाममात्र मालकी मान्य झाली आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. कारभार मध्यप्रांताकडेच राहिला.

१८/ या ८३ वर्षांतील कोणत्याही तहावर वऱ्हाडी कास्तकाराची सही नाही. फौजेचा पगार, कर्जाचे व्याज आणि १९०२ नंतरचा खंड या साऱ्यांचा भरणा मात्र त्यानेच भरलेल्या शेतसाऱ्यातून झाला. म्हणून हे तह वाचताना केवळ निजाम आणि इंग्रज असे दोनच पक्षकार मोजू नयेत.