दगडातला डाव : खंबाटकीच्या अलीकडे आणि पलीकडे

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की शिरवळ, खंडाळा आणि मग खंबाटकी घाट. घाट ओलांडून सुरूरला उजवीकडे वळले की वाई. शिरवळजवळ, खंडाळा तालुक्यातच, साध्या घडणीची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. वाई-मेणवलीला कृष्णाकाठचे पेशवेकालीन घाट. या दोन स्थळांच्या काळात दीड हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. पुरातत्त्वातील कालनिर्णयाचा एक मूलभूत धडा त्यांच्या तुलनेतून शिकता येतो. साहित्य एवढेच : मूठभर चिंचोके.

वाई आणि मेणवलीच्या घाटांवर दगडात कोरलेले पटखेळ अभ्यासकांनी नोंदवले आहेत. असे पट महाराष्ट्रात इतरत्रही दिसतात. कुठे समोरासमोर खळग्यांच्या दोन रांगा (तमिळ घरांतील पल्लांगुळी ती हीच), कुठे एकात एक तीन चौकोनांची नवकंकरी.

आता प्रश्न असा : हे पट किती जुने?

मेणवलीचा घाट नाना फडणवीसांच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पायरी बसवल्यानंतर पट कोरला असेल, तर तो त्याहून जुना असू शकत नाही. ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा मात्र जवळजवळ कालपर्यंत येते. समजा, उद्या शिरवळच्या एखाद्या लेण्यात असाच पट आढळला, तर? तो भिक्षूने कोरला असेल, मुक्कामाला थांबलेल्या व्यापाऱ्याने किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या गुराख्यानेही. लेण्याचे वय खेळाला चिकटवून ‘दोन हजार वर्षांपूर्वीचा खेळ’ असे छायाचित्राखाली लिहिणे ही सर्रास होणारी चूक आहे.

याहून रंजक शक्यता म्हणजे दगडाचा पुनर्वापर. पट उभ्या भिंतीत असेल किंवा सांध्यावर अर्धाच तुटलेला असेल, तर तो दगड पूर्वी कुठेतरी आडवा होता आणि मग येथे आणला गेला, असा तर्क करता येतो. तेव्हा पट बांधकामाहून जुना ठरतो! मुलांना हे व्याख्यानातून उमगायला वेळ लागतो. समोरासमोर बसून खेळायला सांगितले, की एखादे पोर लगेच विचारते, ‘इथे चिंचोके राहणार कसे?’ त्या प्रश्नात अर्धे पुरातत्त्व आले. शिवाय प्रत्येक खळगा हा खेळ नसतो. कांडण्याचे उखळ असेल, खांब रोवण्याचे भोक असेल. दोघांना बसायला जागा आहे का, खळगे हाताच्या टप्प्यात आहेत का, हे बसून पाहावेच लागते.

खोर्साबाद येथे सारगोन दुसरा या असिरियन राजाच्या राजवाड्यातील पंखधारी बैलाच्या पायथ्याशीही कुणी, बहुधा पहारेकऱ्यांनी, वीस घरांचा पट ओरखडला होता. त्याच कुळातील पट लिओनार्ड वूली यांना उर येथील थडग्यांत मिळाले. त्यांचे नियम मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. आयर्विंग फिंकेल यांनी इ. स. पू. १७७ मधील मातीची इष्टिका वाचली आणि ब्रिटिश म्युझियममधला तो पट पुन्हा खेळता येऊ लागला.

कृष्णाकाठच्या पटांसाठी अशी इष्टिका नाही. नियम आहेत ते आजी-आजोबांच्या स्मरणात, आणि पट आहेत ते दुरुस्तीच्या एका सिमेंटच्या थराने बुजू शकणाऱ्या पायऱ्यांवर. तेव्हा मूळ खळग्यांत खडू, तेल, रंग काही घालू नये. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे, दगडाची जागा व दिशा टिपावी आणि डाव मांडावा तो कागदावरच्या प्रतिकृतीत, शक्यतो एखाद्या आजीला समोर बसवून.