तीस वर्षांचा आजार, दोन वर्षांची मुदत

आज सुरुवात छपरापासून करू. आमच्या छावणीत असाल किंवा जिथे कुठे हे ऐकताय तिथे, जरा बाहेर या आणि वर बघा. राखाडी, नागमोडी छप्पर दिसतंय? आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. जुन्या पत्र्यात सिमेंटसोबत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. हा खाणीतून निघणारा दगडच, पण पिंजला की कापसासारखे तंतू सुटतात. जळत नाही, कुजत नाही, वर स्वस्त. म्हणून तो पत्र्यात गेला, ट्रकच्या ब्रेक लायनरमध्ये गेला, बॉयलरच्या पाइपांभोवती गुंडाळला गेला.

पत्रा नुसता डोक्यावर आहे म्हणून घाबरून जाऊ नका. खरा धोका धुळीचा. पत्रा कापताना, फोडताना धूळ उडते, आणि सगळ्यात जास्त उडते ती कारखान्यात, कच्च्या मालाच्या गोण्या रिकाम्या करताना. ती फुप्फुसात गेली की शरीराला पचवता येत नाही. फुप्फुस हळूहळू घट्ट होत जातं, तो अ‍ॅस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, तोही कामाला लागल्यानंतर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी. विडी-सिगारेटची सवय असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. हा वर्षांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं इंग्लंडला जाऊ, कारण तिथून रस्ता सरळ आपल्या घाटकोपरला येतो. रॉचडेल नावाचं गिरण्यांचं गाव. तिथल्या टर्नर ब्रदर्स या कंपनीत नेली केरशॉ नावाची बाई अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातायची. मार्च १९२४ मध्ये ती गेली, वय अवघं ३३. फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडले. कंपनी म्हणाली, असा आजार कायद्याच्या यादीतच नाही, आमची काही जबाबदारी नाही. अंत्यविधीचा खर्चसुद्धा दिला नाही. एकदा दिला तर उद्या सगळेच मागतील, ही भीती.

सहा वर्षांनी, १९३० मध्ये, ब्रिटिश सरकारच्या तपासणीचा अहवाल आला. ३६३ कामगार तपासले होते, त्यातल्या पाव भागाहून जास्त लोकांच्या फुप्फुसांना इजा झालेली. १९३१ मध्ये धुळीचे नियम आले. मग १९५५ मध्ये रिचर्ड डॉल या शास्त्रज्ञाने त्याच रॉचडेलच्या कामगारांची आकडेवारी मांडली. वीस वर्षांहून जास्त काळ धुळीत काम केलेल्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण दहापट. हा लेख छापला जाऊ नये म्हणून कंपनीने प्रयत्न केले होते. छापला गेला, सुदैवाने.

आणि याच १९५० च्या दशकात टर्नर अँड न्यूऑल या त्याच समूहाचा कारखाना मुंबईत घाटकोपरला उभा राहिला. हिंदुस्थान फेरोडो. ब्रेक लायनिंग आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड बनवणारा. पुढे ब्रिटिश मालकी गेली, नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झालं. आज या कंपनीचे कारखाने भंडाऱ्याला आणि आपल्या जिल्ह्यात पैठणला आहेत. तिथे आता काय बनतं तो वेगळा विषय. माझा मुद्दा एवढाच की, घाटकोपरच्या गेटवर पहिली पाळी लागली तेव्हा या धुळीने काय होतं हे मालकांना नव्याने शोधायचं नव्हतं.

आपल्याकडे मोजणी व्हायला फार उशीर झाला. डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतल्या १८१ कामगारांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. दर पाचांत एकाहून जास्त जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस! आपल्याकडे दम लागतो, खोकला येतो म्हटलं की आधी टीबीचा संशय येतो. काय काम करता, हा प्रश्न राहूनच जातो.

मग भरपाईचं काय? २०२५ पर्यंत आपल्याकडे कामगार भरपाई कायदा होता तो १९२३ चा, लागू झाला १ जुलै १९२४ ला. म्हणजे नेली गेली त्याच वर्षी. पुढे त्याच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सरही आला. कागदावर छान. पण बारीक अक्षरं वाचा. काम सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर तो धंद्याचा आजार म्हणून धरायचा, आणि दावाही दोन वर्षांत करायचा. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकत, पण ते पटवून द्यायचं कुणी? चाळिशीत कारखाना सोडलेल्या माणसाला कॅन्सर साठीत होतो. तेव्हा हा दोन वर्षांचा दरवाजा बंद होऊन अठरा वर्षं झालेली असतात.

सुप्रीम कोर्टाला ही अडचण कळली होती. २७ जानेवारी १९९५ चा निकाल, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने सांगितलं. आणि प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायला लावली. ज्यांचा आजार अहमदाबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या तपासणीत सिद्ध होईल, त्यांना एक-एक लाख रुपये द्यायला सांगितले.

मला विचाराल तर त्या लाखापेक्षा ४० वर्षांची नोंद मोठी. पण नोंद त्याची, ज्याचं नाव हजेरीपटावर आहे. ठेकेदाराकडच्या माणसाचं काय? गोण्या बहुतेक वेळा तोच उचलतो.

ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपण मात्र तो रशियासारख्या देशांतून अजून आणतो. तर घरात वडील, आजोबा, काका कुणी अशा कारखान्यात होते का, एकदा विचारा. पगाराची जुनी स्लिप, ईएसआयचं कार्ड, गेटपास, काही असेल तर फोटो काढून ठेवा. आणि दवाखान्यात केसपेपरवर 'व्यवसाय : मजूर' एवढंच लिहिलं असेल तर डॉक्टरांना सांगून पूर्ण लिहून घ्या, कुठला कारखाना, कुठलं खातं, किती वर्षं.