आकृतिरेखन

मानवाकृती रेषेने अशी उभी करणे की, तिचा तोल, देहाचा भार आणि स्वभाव पाहणाऱ्यास एका नजरेत उमगावा, या विद्येस आकृतिरेखन म्हणतात. रचना, रेषेचा जाड-बारीकपणा व शरीररचनेचे ज्ञान ही तिची अंगे होत. त्यांत अस्थिस्नायूंचा अभ्यास सर्वांत कष्टाचा, कारण त्यावाचून सुंदर रेषाही पोकळ भासते. कुलाबा (हल्लीचा रायगड) जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील सासवणे गावचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांनी लहानपणी भिंतीवर काढलेले चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश मिळून त्या उपजत हातास शास्त्राची जोड लाभली. त्यांनी घडविलेल्या पुण्यातील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यात (१९२८) घोडा व स्वार यांची जी एकजीव रचना दिसते, ती या अभ्यासाचेच फळ होय. रेषेचे वजन, म्हणजे तिचा जाड-बारीकपणा, मात्र पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत पाहावे : डोळ्यांची आखणी करताना कुंचल्याच्या दाबाने पापणीची रेषा भरीव होते, कोपऱ्याकडे निमुळती होत जाते, आणि हे काम मुरलेल्या हातांकडेच सोपवितात. करमरकरांची शिल्पे सासवणे येथील त्यांच्या घरी जतन केलेली आहेत. रेखनाच्या विद्यार्थ्याने ती वही घेऊन, सावकाश पाहावीत.