राजवाड्यांतील रुग्णशाळा



महोत्सवाच्या अंकांत आपल्या ख्रिस्तमंदिराची हकीकत येणें योग्यच आहे. परंतु कोणत्याही धर्मग्रामाचें आयुष्य जगाच्या इतिहासापासून तुटलेलें नसतें. आपल्या यवतमाळ जिल्ह्यापासून समुद्र फार दूर. तथापि १९१४ च्या महायुद्धानें या देशांतील दहा लाखांहून अधिक माणसें समुद्रापार नेलीं. त्यांपैकीं जखमी झालेल्यांची शुश्रूषा एका राजवाड्यांत कशी झाली, तें येथें सांगावयाचें आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नांवाचें शहर आहे. तेथें युवराज जॉर्ज यानें, म्हणजे पुढील राजा चौथा जॉर्ज यानें, विलासासाठीं एक वाडा बांधविला. १८१५ पासून जॉन नॅश या शिल्पकारानें त्यास हिंदुस्थानी घाटाचे घुमट व मनोरे चढविले. याच युवराजानें १७८५ सालीं मेरी फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशीं गुप्तपणें विवाह केला होता. राजाची संमति नसल्यामुळें त्या देशाच्या कायद्यानें तो विवाह अमान्य ठरला. रोमनें मात्र तो खरा मानिला. ही बाई १८३७ सालीं वारली. ब्रायटनमधील बाप्तिस्ता संत योहानाच्या कॅथलिक मंदिरांत तिची कबर आहे. तो राजवाडा मात्र १८५० सालीं शहराच्या नगरपालिकेनें व्हिक्टोरिया राणीकडून विकत घेतला.

१९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौजा फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरांत उतरूं लागल्या. त्यांत खडकीच्या सॅपर्स-मायनर्स पथकांतील मराठे शिपाईही होते. ता. २८ ऑक्टोबर रोजीं न्यव्ह शापेल या गांवीं झालेल्या हल्ल्यांत या पथकाच्या दोन कंपन्यांची भयंकर हानि झाली. थंडी, चिखल व तोफा यांनीं घायाळ झालेल्यांसाठीं जागा हवी होती. तेव्हां ब्रायटनचा राजवाडा रुग्णालय झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पहिले रुग्ण आले. जेथें राजे मेजवान्या झोडीत व गाणें ऐकत, त्या दालनांत झुंबरांखालीं खाटा मांडल्या गेल्या. घोड्यांची जुनी पागा म्हणजे प्रसिद्ध 'डोम'. तीही रुग्णांनीं भरली. एकंदर सातशेंहून अधिक खाटांची सोय होती.

व्यवस्था खरोखर काळजीपूर्वक केलेली होती. निरनिराळ्या धर्मांच्या व जातींच्या लोकांसाठीं नऊ स्वयंपाकघरें होतीं. हिंदू व मुसलमान यांचे पाण्याचे नळ वेगळे होते. शिखांस प्रार्थनेसाठीं आवारांत तंबू उभारला होता. मुसलमानांस नमाजासाठीं हिरवळ राखून ठेविली होती. शेजारधर्माच्या दृष्टीनें यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. दृष्टान्तांतील शोमरोन्यानें घायाळाच्या जखमा बांधिल्या. तुझा धर्म कोणता, असें त्यानें विचारिलें नाहीं.

परंतु इतिहास लिहितांना अर्धें सत्य सांगून चालत नाहीं. ही सेवा सरकारनें आपल्या कीर्तीसाठींही वापरली. बादशहानें स्वतःचा राजवाडा शिपायांना दिला, अशी समजूत पसरविण्यांत आली. वस्तुतः तो चौसष्ट वर्षांपासून नगरपालिकेचा होता. राजवाड्याची एक सचित्र पुस्तिका छापून वांटली गेली, ती इंग्रजी, उर्दू व गुरुमुखी अशा तीन लिप्यांत; मराठी शिपायास तींत आपलें अक्षर सांपडलें नाहीं. शिपायांचीं पत्रें तपासलीं जात. गोऱ्या परिचारिकांना हिंदी रुग्णांच्या शुश्रूषेपासून दूर ठेवण्याचा हुकूम १९१५ सालीं झाला. त्याच शहरांतील किचनर रुग्णालयाभोंवतीं तर कांटेरी तारा व पहारेकरी होते. बरा होत आलेला मनुष्यही मोकळेपणानें बाहेर पडूं शकत नसे. जखमेवर पट्टी बांधणें एक आणि मनुष्याची प्रतिष्ठा राखणें दुसरें. ख्रिस्ताच्या प्रीतीस दोन्ही लागतात.

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे वळविण्यांत आलें व १९१६ च्या जानेवारींत राजवाड्यांतील हिंदी रुग्णालय बंद झालें. मेसोपोटेमियांत मराठ्यांच्या पलटणी आधींपासूनच लढत होत्या. त्यांपैकीं कित्येक कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत सांपडल्या आणि ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील सैन्य शरण गेलें. इकडे मुंबईंत वस्तुसंग्रहालयासाठीं नुकतीच बांधलेली इमारत युद्धकाळीं लष्करी रुग्णालय म्हणून उपयोगांत होती. १९२२ सालींच ती संग्रहालय म्हणून खुली झाली.

ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्यांपैकीं त्रेपन्न हिंदू व शीख शिपायांचें दहन शहराबाहेरील टेंकड्यांवर झालें. मुसलमानांना वोकिंग येथें मूठमाती मिळाली. दहनाच्या जागीं संगमरवरी छत्री बांधून ता. १ फेब्रुवारी १९२१ रोजीं तिचें अनावरण झालें. त्या छत्रीवर त्यांचीं नांवें मात्र नव्हतीं! तीं दगडावर कोरलेलीं दिसण्यास २०१० साल उजाडावें लागलें. राजांनीं घुमट बांधिले ते सर्वांस दिसले. शिपायांचीं नांवें जवळजवळ शतकभर कागदांतच राहिलीं.

धर्मबंधूंनो, याच कारणास्तव मला आपल्या मंदिरांतील जुन्या वह्यांचें मोल वाटतें. स्नानसंस्कार, विवाह व मृत्यु यांच्या नोंदींत जमीनदार व मजूर एकाच ओळींत, एकाच शाईनें लिहिलेले असतात. या महोत्सवाच्या वर्षीं आपणांपैकीं ज्यांच्या घरांतून कोणी पूर्वज लष्करांत गेला असेल, मग तो परत आलेला असो वा नसो, त्यांनीं त्याचें नांव, गांव व जें कांहीं ठाऊक असेल तें धर्मगुरूंकडे आणून द्यावें. तीं नांवें आपण एका वहींत उतरूं व मृतांच्या मिस्सेच्या वेळीं वेदीपुढें वाचूं. देव तीं विसरलेला नाहीं. आपणही विसरूं नये.