चाकांवरचें घर आणि त्याचा तोल

मोटारीच्या मागें घर जोडून प्रवासास निघण्याची चाल युरोप-अमेरिकेंत आतां इतकी रुळली आहे कीं, तिच्यांत कांहीं विशेष विद्या लागत असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. मोटारीच्या पाठीमागें एक लोखंडी गोळा, त्यावर बसणारें टोपण, आणि टोपणामागें दोन चाकांवर उभी असलेली एक खोली. खोलींत बिछाने, शेगडी, पाण्याची टांकी आणि कपाटें. परंतु हें घर रस्त्यावर सरळ चालावें एवढ्यासाठीं माणसाला कित्येक दशकें धडे घ्यावे लागले. त्यांतील पहिला धडा तर असा होता कीं, तो आपल्याकडील कोणत्याहि गाडीवानास अगोदरच पाठ होता.

केवळ हौसेखातर फिरत्या घरांत राहण्याची प्रथा इंग्लंडांत पाडण्याचें श्रेय डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांस दिलें जातें. हे स्कॉटिश गृहस्थ पूर्वी आरमारांत शल्यवैद्य होते व पुढें मुलांसाठीं साहसकथा लिहीत. १८८५ सालीं त्यांनीं ब्रिस्टल येथील एका कारखान्याकडून ‘वाँडरर’ नांवाचें घर बांधून घेतलें. सामानासह सुमारें दोन टन भरणारें हें घर घोड्यांची जोडी ओढी, आणि एक नोकर तीनचाकी सायकलीवर बसून पुढें जाई व समोरून येणाऱ्यांना सावध करी. अशा थाटांत ते इन्व्हर्नेसपर्यंत गेले आणि १८८६ सालीं त्यांनीं आपल्या १३०० मैलांच्या प्रवासाचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९०७ सालीं इंग्लंडांत अशा हौशी प्रवाशांचा ‘कॅरव्हॅन क्लब’ स्थापन झाला.

घोड्यांच्या त्या काळांत चढणीचा त्रास होई, पण खरी भीति उताराची असे. ओढणाऱ्यापेक्षां ओढलें जाणारें जड झालें म्हणजे उतारावर तें धन्यालाच ढकलूं लागतें. म्हणून त्या वेळच्या जड गाड्यांना उतारावर चाकाखालीं लोखंडी जोडा सरकवीत. त्यायोगें तें चाक फिरावयाचें थांबून घासत खालीं येई. तथापि जनावराची चाल मंद असल्यामुळें चूक झाली तरी ती सुधारण्यास अवधि मिळे. मोटार आली आणि हा अवधि नाहींसा झाला.

पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं बर्मिंगहॅम येथील रायली पितापुत्रांच्या ‘एकल्स’ कारखान्यानें मोटारीमागें जोडावयाचीं घरें विकण्यासाठीं बनविण्यास आरंभ केला. जर्मनींत हें काम १९३१ सालीं आरिस्ट डेथलेफ्स यांनीं केलें. त्यांच्या घराण्याचा धंदा चाबूक बनविण्याचा! धंद्यानिमित्त त्यांना सतत फिरावें लागे, आणि फ्रीडेल एडेलमान या चित्रकर्तीस त्यांच्याबरोबर राहतां यावें म्हणून हें फिरतें घर जन्मास आलें. अमेरिकेंत हॉली बौलस यांनीं १९३४ च्या सुमारास चकचकीत ॲल्युमिनियमचें घर तयार केलें. हे मूळचे ग्लायडर बांधणारे असून लिंडबर्ग यांचें प्रसिद्ध विमान तयार होत असतांना त्या कामावर देखरेख करणाऱ्यांपैकीं एक होते. त्यांचाच नमुना पुढें नेऊन वॉली बायम यांनीं १९३६ सालीं ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारांत आणलें. घर हलकें झालें, वारा कापूं लागलें आणि वेगहि वाढला.

येथेंच तो जुना धडा आडवा आला. बैलगाडींत ओझें मागें जास्त झालें तर गाडी ‘उलाळ’ होते. जूं बैलांच्या मानेवरून उचलूं लागतें. ओझें पुढें जास्त झालें तर तें जूं मानेवर रुतून बसतें. गाडीवान जुंवाला हात लावून हा तोल पाहतो आणि दोन पोतीं इकडचीं तिकडे करतो. दोन चाकांवरच्या घराचा न्याय अगदीं हाच आहे. मागचा भाग जड झाला तर जोड उचलला जाऊन मोटारीच्या मागील चाकांची रस्त्यावरील पकड सुटते. पुढचा भाग फार जड झाला तर मोटारीची शेपटी दबते, पुढचीं चाकें हलकीं होतात आणि सुकाणूं हुकूम मानीत नाहीं. म्हणून अमेरिकेंत एकंदर वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर असावा असें सांगतात. युरोपांत ५ ते ७ टक्के पुरेसा मानतात. १५०० किलो वजनाच्या घराचा हा भार अमेरिकन हिशोबानें १५० ते २२५ किलो, तर युरोपीय हिशोबानें ७५ ते १०५ किलो होतो. बैलाला मान असते, म्हणून तो लगेच तक्रार करतो. इंजिनाला मान नाहीं, म्हणून माणसाला तराजू घ्यावा लागतो.

दुसरा धडा कावडीचा. दोन टोकांना भरलेल्या घागरी लटकविलेली कावड खांद्यावर घेऊन वळूं पाहणाऱ्यास ठाऊक असतें कीं, ती लवकर वळत नाहीं, आणि वळली म्हणजे लवकर थांबत नाहीं. तेंच वजन खांद्याजवळ असेल तर सहज आवरतें. घरांतील जड वस्तु दोन टोकांच्या कपाटांत भरल्या कीं घराची कावड होते. मग बाजूनें एखादी मोठी मालमोटार वेगानें गेली, वाऱ्याचा धक्का बसला, आणि घर सर्पासारखें डावी-उजवीकडे हेलकावूं लागलें म्हणजे तो झोंका विरण्याऐवजीं वाढत जातो. वेग जितका अधिक, तितका झोंका विरण्यास विलंब. आणि एका मर्यादेपलीकडे तो विरतच नाहीं. इंग्लंडांतील बाथ विद्यापीठांत या प्रश्नावर पद्धतशीर प्रयोग झाले, तेव्हांहि वजनाची मांडणी आणि वेग या दोन गोष्टींचेंच महत्त्व पुढें आलें. जड सामान खालीं व आंसाजवळ ठेवावें, झोंका सुरू झाल्यास सुकाणूं सरळ धरून वेग हळूहळू उतरूं द्यावा, घाबरून वेग वाढवूं नये, हा नियम या ज्ञानांतूनच निघाला.

जोडाचीहि कथा लहान नाहीं. जर्मनींतील ‘वेस्टफालिया’ कारखान्यानें १९३४ सालीं गोळ्याच्या जोडाचें पेटंट घेतलें. त्यामुळें घराला वर-खालीं, डावी-उजवीकडे आणि कलतें असें तिन्ही बाजूंनीं हलतां येऊं लागलें. पण मापाची चूक येथें फार महाग पडते. अमेरिकेंत पावणेदोन इंचांहून किंचित् मोठा, म्हणजे १⅞ इंची गोळा असतो, तसाच २ इंचीहि असतो. लहान गोळ्यावर मोठें टोपण व्यवस्थित बसल्यासारखें दिसतें, आणि खड्ड्यांत उसळी बसतांच निसटतें. अशा वेळीं उपयोगी पडावी म्हणून साखळी असते. युरोपांत एक तार असते, जी घर सुटतांच त्याचाच ब्रेक ओढते. उतारावरील जुन्या भीतीवर युरोपनें युक्तीचा तोडगा काढला: घर मोटारीस ढकलूं लागलें कीं, त्या ढकलण्याच्या जोरानेंच घराचे ब्रेक लागावेत. शत्रूचें बळ शत्रूवरच उलटविण्याचा हा प्रकार आहे.

हें सर्व साधल्यावर माणसाचें धाडस वाढलें. १९५९-६० सालीं बायम यांच्या नेतृत्वाखालीं अशा घरांचा तांडा केपटाउनपासून कैरोपर्यंत गेला. त्यानंतर विजेच्या यंत्रणा आल्या. झोंका सुरू होतांच त्या आपण होऊन ब्रेक लावून तो मोडतात. कायद्यानेंहि मर्यादा घातल्या. जर्मनींत सामान्यतः ताशीं ८० किलोमीटर, आणि विशेष मंजुरी असल्यास मोटाररस्त्यांवर १००. इंग्लंडांत हमरस्त्यांवर ताशीं ६० मैल, आणि घर चालू असतांना त्यांत माणसानें बसावयाचें नाहीं.

तथापि यंत्रणा झोंका थांबवील, पण उलाळ भरलेली गाडी सरळ भरून देणार नाहीं. तें काम निघण्यापूर्वी, उभ्या गाडीजवळ, माणसाच्या हातांनींच व्हावें लागतें. पुढें बसलेल्या मुलाबाळांचें आणि समोरून येणाऱ्या अनोळखी वाटसरूचें आयुष्य त्या दहा मिनिटांवर अवलंबून असतें. जुंवाला हात लावून पाहणारा गाडीवान लिहूं-वाचूं जाणत नसे. पण तोल पाहिल्याशिवाय त्यानें कधीं बैल हांकले नाहींत.