आखूडशिंगी, बहुदुधी

वधूवरांच्या अपेक्षांची यादी फार लांबली की आपल्याकडे एखादी आजी हमखास म्हणते, "अगं बाई, आखूडशिंगी आणि बहुदुधी, दोन्ही एकाच दावणीला कशी मिळायची?" ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण 'आखूडशिंगी' याच नावाची गुरांची एक जात विलायतेत होऊन गेली, ती बहुदुधीही असावी आणि मांसलही असावी म्हणून तीन-चार पिढ्यांनी जिवाचे रान केले, आणि त्या पायी पुष्कळांची दिवाळी झाली तशी काहींची दिवाळखोरीही झाली, हे मला बरेच उशिरा, जुन्या शेतीविषयक पुस्तकांची पाने चाळताना कळले. त्याचीच ही हकीकत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा इतिहास खाण्यासाठी पोसलेल्या गुरांचा आहे. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करून ज्या घरात दिवाळीची पहिली पणती लागते, त्या घरात हा विषय थोडा परका वाटणार. मीही गोठ्याशी दुधापुरताच संबंध असलेला माणूस आहे. परंतु एक गुण वाढवायला जावे आणि दुसरे दोन हातातून निसटावेत, हा जो पेच त्या लोकांना पडला, तो गाय कशासाठी पाळली आहे यावर अवलंबून नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधले गुरे पाळणारे लोक पैदाशीचा फारसा विचार करीत नसत. गावकुरणात सर्वांची गुरे एकत्र चरत, कोणाची गाय कोणत्या वळूपासून गाभण राहिली याचा हिशेब कोण ठेवणार? बैल आयुष्यभर नांगर ओढी आणि म्हातारा झाला म्हणजे खाटकाकडे जाई. पुढे कुरणांना कुंपणे पडली, गिरण्यांची शहरे वाढली आणि शहरातल्या मजुराला मांस आणि चरबी हवी झाली. नेमक्या या वेळी लेस्टरशायर परगण्यातल्या डिशली येथे रॉबर्ट बेकवेल नावाचा एक शेतकरी पुढे आला. जन्म १७२५ चा. बाप वारल्यावर १७६० मध्ये सुमारे साडेचारशे एकरांची शेती त्याच्या ताब्यात आली. स्वतःची जमीन नव्हे, कुळाची.

हा बेकवेल मोठा विलक्षण गृहस्थ. लग्न केले नाही. गडी मोठा, अंगाने जाड, स्वभावाने आतिथ्यशील. त्याच्या घरी फ्रान्स-रशियापासूनचे पाहुणे येत, आणि दिवाणखान्यात त्यांना काय दिसे? गुरामेंढरांचे सांगाडे, आणि मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवलेले सांधे. प्रत्येक पिढीत हाड किती बारीक झाले, चरबीचा थर किती जाडावला, हे ताडून पाहण्यासाठी ते जपून ठेवलेले. त्याचे वळू इतके गरीब असत की एखादे पोर हातात काठी घेऊन त्यांना कुठेही नेई. आर्थर यंग या प्रवासी लेखकाने ते मुद्दाम नोंदवून ठेवले आहे.

बेकवेलने केले ते एका वाक्यात सांगता येते. महागड्या जागी मांस, स्वस्त जागी कमी, हाड बारीक, आणि जनावर लवकर भरावे, एवढे मनाशी धरून त्याने तशी जनावरे निवडली आणि त्यांचे संबंध जवळच्या नात्यात जुळवले. बाप-लेक, आई-लेक, भाऊ-बहीण. माणसांत जे पाप, ते गुरांत करायला लोक तोवर कचरत होते. त्याची लांब शिंगांची गुरे खरोखरच दिसू लागली तशी: गोल, चरबीने तुळतुळीत, मागचा भाग तर उशी भरल्यासारखा. देशभर डिशलीचे नाव झाले.

आणि मग हळूहळू लक्षात येऊ लागले की या गाईंना दूध नाही. गाई फळण्याच्याही तक्रारी वाढल्या. शिवाय चरबी अशी चढली की खाणाराच म्हणू लागला, पुरे. बेकवेलला मेंढ्यांत अधिक यश आले. त्याचे एडके हंगामापुरते भाड्याने जात आणि त्याचे पैसे भरपूर येत. गुरांची मात्र तऱ्हा निराळी. तो १७९५ मध्ये वारला आणि पुढच्या काही वर्षांत त्याची लांबशिंगी जात मागे पडत गेली. मध्यंतरी एकदा त्याचे दिवाळेही वाजले होते. बेकवेलने लोकांना पद्धत दिली. त्याच्या जनावरांपेक्षा ती अधिक टिकाऊ ठरली.

ती पद्धत उचलली उत्तरेकडच्या डरहॅम परगण्यातल्या चार्ल्स आणि रॉबर्ट कॉलिंग या भावांनी. चार्ल्स स्वतः डिशलीला जाऊन पाहून आला होता. त्यांच्या भागात टीज नदीच्या खोऱ्यात आखूड शिंगांची, बऱ्यापैकी दुभती गुरे होती. बेकवेलने जो पाया निवडला त्यात दुधाचे पाणी कमी होते. यांनी निवडला त्यात ते मुळातच होते. माझ्या मते कॉलिंगबंधूंच्या यशात अर्धा वाटा या एका गोष्टीचा आहे, जरी त्यांचे चरित्रकार सगळे श्रेय त्यांच्या 'नजरे'ला देत असले तरी.

नात्यातल्या संबंधांच्या बाबतीत चार्ल्स कॉलिंग गुरूच्याही पुढे गेला. १८०४ मध्ये त्याच्याकडे कॉमेट नावाचा वळू जन्मला. त्याचा बाप फेवरिट. त्याच्या आईचा बापही फेवरिटच. आणि त्या आईची आई म्हणजे फेवरिटची स्वतःची जन्मदाती! वंशवृक्ष काढायला बसले तर झाडाऐवजी दोरीचा गुंता होतो. १८१० मध्ये कॉलिंगने आपला कळप लिलावात काढला तेव्हा हा कॉमेट एक हजार गिनींना गेला. चौघांनी भागीत घेतला. एका वळूला इतकी किंमत तोवर कोणी ऐकली नव्हती.

फेवरिटचाच आणखी एक मुलगा डरहॅमचा बैल म्हणून अजरामर झाला. हा खच्ची केलेला, म्हणजे पैदाशीला निरुपयोगी; पण वजन सव्वा टनाच्या वर. जॉन डे नावाच्या माणसाने १८०१ मध्ये तो अडीचशे पौंडांना घेतला आणि त्याच्यासाठी खास गाडा बांधून गावोगाव दाखवीत फिरला. लवकरच दोन हजार पौंड देऊ करणारा गिऱ्हाईक आला, त्याला त्याने नकार दिला. सुमारे सहा वर्षे ही जत्रा चालली. १८०७ मध्ये बैलाचा खुबा निखळला आणि तो मारावा लागला. इंग्लंडमधल्या कितीतरी दारूच्या गुत्त्यांवर अजूनही त्याच्या नावाच्या पाट्या आहेत.

त्या काळात श्रीमंतांना आपल्या गुरांची चित्रे काढून घेण्याचा नाद लागला होता. चित्रांतली गुरे म्हणजे चार काटक्यांवर ठेवलेली पेटी. लाकडावर कोरीवकाम करणारा प्रसिद्ध चित्रकार टॉमस ब्यूइक याने आठवणीत लिहून ठेवले आहे की त्याला अशाच एका कामासाठी बोलावले असता, जिथे चरबीचे गोळे दिसत नव्हते तिथे ते काढायला त्याने साफ नकार दिला. काम दुसऱ्याला गेले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. माणसाला जनावरात काय हवे आहे हे चित्रात आधी उतरते; गोठ्यात ते यायला दोन-तीन पिढ्या लागतात.

१८२२ मध्ये जॉर्ज कोट्स याने आखूडशिंगी गुरांच्या वंशावळीचे पुस्तक छापले. गुरांची अशी ही पहिलीच पोथी. तिचा उपयोग झालाच, पण रोगही तिथूनच सुरू झाला. आता जनावराकडे पाहण्यापेक्षा पोथीत पाहणे सोपे झाले.

टॉमस बेट्स याची कथा याच रोगाची. कर्कलेव्हिंग्टनचा हा सुशिक्षित, हट्टी, भांडखोर जमीनदार. दूध आणि मांस दोन्ही एका गाईत हवे, हा त्याचा आग्रह. आणि तो योग्यच होता. कॉलिंगकडून घेतलेल्या 'डचेस' नावाच्या गाईच्या वंशावर त्याने सगळी भिस्त ठेवली. बेल्व्हेडियर नावाचा वळू त्याच्याच लेकीला दाखवला, त्यातून १८३५ मध्ये जो वळू झाला त्याने १८३९ च्या ऑक्सफर्डच्या पहिल्या मोठ्या राष्ट्रीय प्रदर्शनात पहिले बक्षीस पटकावले. बेट्स १८४९ मध्ये वारला. त्याच्यामागे डचेस घराण्याचे जे झाले, त्याला वेड हाच शब्द. रक्त शुद्ध ठेवायचे, बाहेरचा थेंब नको, म्हणून आपसातच संबंध. गाई फळेनात. जितक्या कमी फळत तितक्या दुर्मीळ, आणि जितक्या दुर्मीळ तितक्या महाग! वांझपणालाच किंमत आली म्हणा ना.

१० सप्टेंबर १८७३ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क मिल्स या गावी या घराण्यातल्या गुरांचा लिलाव झाला. खास त्यासाठी इंग्लंडहून खरेदीदार समुद्र ओलांडून आले होते. 'आठवी डचेस ऑफ जिनीव्हा' ही एक गाय ४०,६०० डॉलरला गेली. पुढे आठच दिवसांनी जे कुक यांची पेढी बुडाली आणि अमेरिकेत मोठी मंदी आली, पण डचेस घराण्याला बुडायला मंदीची गरज नव्हती. काही वर्षांत ते निपुत्रिक होऊन संपले.

स्कॉटलंडमध्ये मात्र निराळे वारे होते. तिथे अबर्डीनशायरमध्ये एमॉस क्रुइकशँक नावाचा एक अबोल गृहस्थ बेट्सच्या पोथीकडे पाठ फिरवून, थंडीत टिकणारी, ठेंगणी, लवकर भरणारी आखूडशिंगी गुरे तयार करीत होता. आणि ह्यू वॉटसन या काळ्या, बिनशिंगी अँगस गुरांच्या आद्य जोपासकाकडे एक गाय होती, तिचे नावच 'म्हातारी आजी'. जन्म १८२४ चा. तिला एकोणतीस वासरे झाली आणि पस्तिसाव्या वर्षी ती मेली तीसुद्धा वीज पडून. कॉमेटच्या हजार गिनींपेक्षा मला या आजीच्या एकोणतीस वेतांचे कौतुक अधिक वाटते. पण प्रदर्शनात वेते मोजत नाहीत.

प्रदर्शने पुढे अमेरिकेत शिकागोला गेली. १९०० पासून तिथे दरवर्षी मोठा मेळा भरे. १९३० नंतरच्या काळात परीक्षकांना बुटकी, रुंद, जमिनीलगतची जनावरे आवडू लागली. हेरिफर्ड जातीत तर आखूड पायांची मुद्दाम निराळी घराणी निघाली. काही वर्षांनी गोठ्यांत विचित्र वासरे जन्मू लागली. कपाळ पुढे आलेले, तोंड आखूड, पोट फुगलेले, श्वास घेताना घोरणारी. बहुतेक लवकरच मरत. १९५० च्या सुमारास हे प्रकरण इतके वाढले की लपवता येईना. तोवर पुष्कळांनी ते लपवलेच होते, कारण एका बुटक्या वासराने अख्ख्या कळपाची किंमत शून्य होई.

कारण साधेच होते, पण निर्दय. बुटकेपणाचा तो दोष आईबाप दोघांकडून आला तरच वासरात दिसतो. एकाकडूनच आला तर जनावर धडधाकट राहते; किंबहुना थोडे अधिक आटोपशीर, अधिक चौकोनी दिसते. म्हणजे परीक्षक पहिल्या क्रमांकाचा बिल्ला नेमका ज्याच्या गळ्यात घालीत होते, त्याच्याच रक्तात तो दोष लपलेला असण्याचा संभव अधिक. असे दोन जीव एकत्र आले की चार वासरांत एक बुटके. वळू निर्दोष आहे की नाही हे ठरवायचे तर दोष असलेल्या सोळाएक गाईंना तो दाखवून पाहावा लागे. सोळाही वासरे नीट जन्मली तर शंभरांत नव्व्याण्णव हिश्श्यांनी वळू स्वच्छ. एवढा खर्च कोणाला झेपणार? पोथ्या चाळून संशयित घराणी शोधली गेली, आणि ज्यांनी काही लपवले नव्हते असेही कितीतरी पशुपालक त्यात धुऊन निघाले.

गंमत अशी, की यातून सुटण्याचा हिशेब त्याआधीच मांडून ठेवलेला होता. आयोवा येथील जे लश आणि त्यांचे शिष्य लॅनॉय हेझल यांनी १९४२ मध्ये निवडीच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या. आपल्या शाळेच्या भाषेत सांगतो. पहिली: यंदा फक्त गणित, पुढच्या वर्षी फक्त भाषा. दुसरी: प्रत्येक विषयात पस्तीस हवेतच, एकात कमी पडला की नापास. तिसरी: प्रत्येक विषयाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे वजन द्यायचे आणि एकूण बेरीज पाहायची. तिसरी सर्वांत सरस निघाली, पहिली सर्वांत निकृष्ट. बेकवेलपासून शिकागोपर्यंत सर्वांनी बहुधा पहिलीच चालवली होती. १९४३ मध्ये हेझलने बेरजेची वजने कशी काढायची तेही गणिताने दाखवून दिले.

पण हिशेब कागदावर असतो आणि मिरवणूक रस्त्यावर. १९६९ मध्ये शिकागोला कोनोको नावाचा उंच, लांब, शारोले-अँगस संकराचा बैल सर्वोत्तम ठरला आणि लंबक उलटा फिरला. आता उंची हवी. पुढची पंधरा-वीस वर्षे गुरे उंच होत गेली. वासरे इतकी मोठी की गाय अडे, गाई इतक्या मोठ्या की दुष्काळी कुरणात त्यांचे पोट भरेना आणि उपाशी गाय माजावर येईना. पुन्हा तोच वांझपणा, दुसऱ्या दाराने. जन्मताना लहान पण पुढे झपाट्याने वाढणारे वासरू देणारे वळू आता आकडे मांडून शोधतात. ते सापडतात, मात्र दोन्ही गुण एकमेकांना ओढत असल्यामुळे थोडेच.

दक्षिण आफ्रिकेत यान बोन्स्मा या शास्त्रज्ञाने १९३७ पासून मारा येथील केंद्रावर दुसराच रस्ता धरला. तिथल्या उन्हाला तोंड देणाऱ्या आफ्रिकानर गाईंचे पाच भाग आणि हेरिफर्ड-आखूडशिंगी यांचे तीन भाग असा मेळ त्याने घातला. त्याची पहिली अट सौंदर्याची नव्हती. गाय उन्हात चरली पाहिजे आणि नियमाने व्यायली पाहिजे. त्या जातीला बोन्समारा म्हणतात. टेक्सासच्या किंग रँचवर १९२० मध्ये जन्मलेल्या मंकी नावाच्या वळूपासून अशीच एक जात निघाली, सांता गर्ट्रूडिस: पाच भाग आखूडशिंगी, तीन भाग ब्राह्मण.

हे 'ब्राह्मण' म्हणजे आपलीच वशिंडाची गुरे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या उन्हात आणि गोचिडांत विलायती जाती तग धरीनात, म्हणून तिकडच्या लोकांनी हिंदुस्थानातून वळू नेले. १९०६ मध्ये बोर्डन नावाच्या एका टेक्सासवाल्याने नेलेला कळप न्यूयॉर्कजवळच्या बेटावर अडकला, काहींना सुरा रोग निघाला, उरलेले पुढे गेले. त्या जातीच्या पूर्वजांत ओंगोल, गीर, कांक्रेज यांच्याबरोबर एक नाव थोड्या प्रमाणात का होईना येते, ते कृष्णाकाठच्या गुरांचे.

ही कृष्णाकाठची जात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या दक्षिणी संस्थानिकांनी घडवली. गीर, ओंगोल, कांक्रेज आणि म्हैसूरकडच्या चपळ गुरांचा मेळ घालून. सांगलीपासून बेळगाव-विजापुरापर्यंतच्या काळ्या, चिकट, पावसाळ्यात पाय न निघणाऱ्या जमिनीत नांगर ओढेल असा थोराड बैल त्यांना हवा होता. आणि गाय घरापुरते दूध देत होती. दोन्ही गुण बऱ्यापैकी एकत्र आले होते. पुढे विहिरींवर इंजिने आली, शेतात ट्रॅक्टर आले, उसाने कुरणे खाल्ली. या जातीची गुरे आज कृष्णाकाठी शोधावी लागतात. टेक्सासच्या कुरणात मात्र, कोणालाही नाव ठाऊक नसताना, त्या रक्ताचा अंश अजून उन्हात चरतो आहे.