निवळ पाणी आणि शुद्ध पाणी

चांदा आणि गडचिरोली ह्या अरण्यप्रदेशास निसर्गानें पाण्याची उणीव फारशी ठेविलेली नाहीं. पश्चिमेस वर्धा, मध्यें वैनगंगा, दोहींच्या संगमानें झालेली प्राणहिता आणि पूर्वेच्या सरहद्दीस इंद्रावती, अशा मोठ्या नद्या ह्या भागांतून वाहतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. त्यापूर्वीं हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यांत मोडत असे. त्यामुळें येथील पाण्याचा इतिहासही एकच आहे. तो जसा पाणी मिळविण्याचा आहे, तसाच पाणी ओळखण्याचाही आहे. आणि शाळेंतील मुलांस शिकवावयाचा आहे तो हा दुसरा भाग.

पहिला भाग गोंड राजांच्या अमदानींतच पुष्कळसा साधला होता. जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखालीं भिजेल तेवढी जमीन मिळावी, असा चांद्याच्या गोंड राजांचा दंडक असल्याचें परंपरा सांगते. जमिनीचा उतार अचूक हेरणाऱ्या कोहळी शेतकऱ्यांनीं मातीच्या पाळी घालून गांवोगांव तलाव उभे केले. पुढें तेच मालगुजारी तलाव म्हणून प्रसिद्ध झाले. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तरी ‘माजी मालगुजारी’ ह्या शब्दांचा संक्षेप होऊन ‘मामा तलाव’ हें नांव मागें राहिलें. ह्या तलावांनीं धान पिकविला, पिढ्या पोसल्या. परंतु ज्या तलावावर गुरें पाणी पीत आणि कपडे धुतले जात, त्याच तलावावर पुष्कळदां पिण्याची घागरही भरली जाई.

पाणी शुद्ध करण्याची कल्पना त्या काळीं नव्हती, असें मात्र नव्हे. मध्य भारताच्या रानांत निवळीचा वृक्ष आढळतो. त्याचें बी मडक्याच्या आंतल्या बाजूस घासलें म्हणजे गढूळ पाण्यांतील मातीचे कण एकमेकांस चिकटून तळाशीं बसतात. सुश्रुतसंहितेंत ‘कतक’ नांवानें उल्लेखिलेलें बी तें हेंच. तुरटीचें कार्यही ह्याच जातीचें. पण ह्या दोन्ही उपायांची कसोटी एकच, आणि ती म्हणजे मनुष्याचा डोळा. पाणी निवळलें कीं तें शुद्ध झालें, अशी समजूत त्यांतून रूढ झाली.

ह्या समजुतीस एकोणिसाव्या शतकांत पटकीनें धक्का दिला. १८५४ सालीं लंडनमध्यें डॉ. जॉन स्नो ह्यांनीं एका पंपाचें पाणी पिणाऱ्या घरांतच पटकीचे मृत्यू एकवटल्याचें दाखविलें. १८८४ च्या आरंभीं रॉबर्ट कॉख ह्यांस कलकत्त्याच्या एका तलावांत पटकीचे जंतू सांपडले. १८९२ सालीं हांबुर्ग शहरांत पटकीनें ८,००० हून अधिक माणसें दगावलीं. पण त्यास लागूनच असलेल्या आल्टोना गांवाचें पाणी वाळूच्या थरांतून गाळून येत असल्यामुळें तें गांव बव्हंशीं बचावलें. आपल्या देशांत आग्र्याच्या प्रयोगशाळेंतील अर्नेस्ट हँकिन ह्यांनीं विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याच्या उपायाचा पुरस्कार केला. १९०८ सालीं अमेरिकेंतील जर्सी सिटीच्या पाण्यांत क्लोरीन नित्य मिसळूं लागले, आणि पुढें ती पद्धत जगभर पसरली. काचेसारखें स्वच्छ पाणीही प्राणघातक असूं शकतें, हा ह्या काळाचा धडा होय.

केवळ ज्ञानानें काय साधतें, ह्याचें उत्तम उदाहरण म्हणजे नारू. महाराष्ट्रासह भारताच्या अनेक प्रांतांत ह्या रोगानें शेतकऱ्यास ऐन हंगामांत अंथरुणास खिळविलें. पायऱ्यांच्या विहिरींत रोगी उतरे, त्याच्या जखमेंतून नारूचीं पिल्लें पाण्यांत जात, तेथील बारीक जलकीटकांत वाढत, आणि तें पाणी पिणाऱ्याच्या पोटांत शिरत. ह्या रोगावर लस नव्हती आणि खात्रीचें औषधही नव्हतें. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणें, पाण्यांतील कीटक मारणें, पाणी दाट कापडानें गाळणें आणि हें सारें घरोघर समजावून सांगणें, एवढ्यावरच लढा दिला गेला. भारतांतील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें नोंदला गेला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें.

एवढ्यानें प्रश्न संपता तर बरें होतें. उघड्या पाण्याच्या भयामुळें आणि १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रांत विंधन विहिरी झपाट्यानें वाढल्या. खोल खडकांतील पाणी जंतूंपासून पुष्कळ अंशीं सुरक्षित. पण खडकांतील क्षार त्यांत विरघळलेले असतात. फ्लोराइडमुळें दांत डागाळतात आणि हाडें ताठतात, हें १९३७ सालींच मद्रास इलाख्यांतील नेल्लोर भागांत उघडकीस आलें होतें. पुढें चंद्रपूर जिल्ह्याच्या कांहीं गांवांतील भूजलांतही मर्यादेपेक्षां अधिक फ्लोराइड आढळलें. एका लिटरमागें १ मिलिग्रॅमपर्यंत तें असावें, आणि दुसरा झरा नसल्यास १.५ पर्यंत चालावें, असें भारतीय मानक आहे. ह्या पाण्यास रंग नाहीं, वास नाहीं. क्लोरीनचा त्यावर परिणाम होत नाहीं. तें उकळल्यास वाफ निघून जाते आणि फ्लोराइड उलट दाट होतें. रानांतून मोळी आणून पाणी उकळणाऱ्या मातेचे श्रम अशा गांवीं जंतू मारतील, परंतु मुलाचे दांत वांचवूं शकणार नाहींत.

ह्यावरील एक उपाय नागपुरांतच निघाला. तेथें १९५८ सालीं स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनें ‘नलगोंडा पद्धत’ सिद्ध केली. चुना आणि तुरटी मोजून घालावयाची, पाणी ढवळून निवळूं द्यावयाचें, जंतूंसाठीं ब्लीचिंग पावडर मिसळावयाची. जुनीच तुरटी, पण मापानें वापरली म्हणजे तिच्याकडून नवें काम होतें. १९६० च्या सुमारास लोब आणि श्रीनिवास सुरिराजन ह्यांनीं कॅलिफोर्नियांत बनविलेल्या पडद्यांतून आजचीं ‘आरओ’ यंत्रें जन्मास आलीं. तीं क्षार काढतात, परंतु त्यांस वीज लागते आणि बरेंच पाणी वायां जातें. क्षार नसलेल्या विहिरीस त्यांची गरजच नाहीं. तेथें क्लोरीन पुरे.

म्हणून विद्यार्थ्यांस यंत्राची ओळख करून देण्याआधीं परीक्षेची संवय लावणें अगत्याचें आहे. गाळ डोळ्यांस दिसतो. जंतूंसाठीं ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं एक सुलभ कुपी सुचविली. पाणी विष्ठेनें दूषित असेल तर कुपींतील पाणी एकदोन दिवसांत काळें पडतें. फ्लोराइड रंग बदलणाऱ्या द्रावानें कळतें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें अशा परीक्षा गांवांतील स्त्रियांच्या हातीं सोंपविण्याचें ठरविलें. त्या शाळेच्या वर्गांतही सहज करतां येतात. आपल्या गांवच्या पाण्यांत गाळ आहे, जंतू आहेत कीं क्षार आहेत, हें सांगूं शकणारा एक मुलगा किंवा मुलगी प्रत्येक घरीं असेल, तर योग्य उपाय निवडणें कठीण जाणार नाहीं. हा निर्णय चुकला, तर महागडें यंत्रही निरुपयोगी ठरतें.